साडीला माप नसतं म्हणे

२ एप्रिल

उभी राहिले आणि दुकान गप्प झालं.

आज सांगलीत बस्ता होता. दोन्हीकडची मंडळी एकत्र बसून लग्नाचे कपडे घेणार. म्हणजे गादीवर पंचवीस माणसं, चहाचे कप आणि साड्यांचा ढीग. मामानं गाडीतच दम दिला होता, "उठायचं न्हाई पिऊ. पानी बी बसूनच मागायचं." तशी मी या लोकांसमोर कायम बसलेलीच आहे. मलकापूरहून मला बघायला आले तेव्हाही मामानं मला आधीच पाटावर बसवून ठेवलं होतं, पोह्यांच्या बश्या चुलत बहिणीनं फिरवल्या. बायोडाटात उंची पाच फूट सात! मी म्हटलं, मामा, माझे सहा इंच गेले कुठं? तर म्हणाला, "पाच सातच्या फुडं कोन वाचत न्हाई गं."

पण आक्काताईंना शालू माझ्या अंगाला लावून बघायचा होता. या नवऱ्यामुलाच्या थोरल्या आत्या. त्या घरात त्यांचाच शब्द चालतो. "उठ गं बाय." उठले. त्यांची मान वर वर जात राहिली. मी पूर्ण उभी राहिले तरी त्या थांबूनच. "आगं... आजून हाय का?"

नाही. एवढीच. सहा फूट एक.

जयराज — नवरामुलगा — लोडाला टेकून बसला होता. तोही उठला. माझ्या खांद्याशी आला. वर बघितलं, परत बसला आणि उरलेला चहा प्याला.

दुकानदाराला मात्र भलता उत्साह. "काय काळजी करू नका ताई, साडीला माप नसतं. कुणालाबी बसती." नेसवून दाखवली. घोट्याच्या वर चार बोटं थांबली. त्यानं खाली ओढली, तर कमरेला सुटली. वर खोचली, तर पोटरी दिसायला लागली. शेवटी घाम पुसत म्हणाला, "ह्याच्यापेक्षा मोठा पन्हा आमच्यात येत नाही." म्हणजे माप असतं तर!

३ एप्रिल

थोडी रडले. मग तासगावला ऑफिसला गेले. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेब बघते मी. दिवसभर खुर्चीत, म्हणून तिथं कुणाला माझी अडचण नाही.

मोडणार हे. आधीची स्थळं मी उठले की तीही उठायची. पण हे मोडू नये असं फार वाटतंय. कारण सांगते. बघायला आले तेव्हा सगळ्यांनी विचारलं, भाकरी येते का, माणसांची सवय आहे का. जयराजनं एकच विचारलं, "बेदाना पिवळाच कसा ऱ्हातो वो? काळा कसा पडत न्हाई?" मी गंधकाच्या धुरीपासून शेडमधल्या वाऱ्यापर्यंत सगळं सांगत बसले. आई डोळे वटारत होती. तो ऐकत होता. खरंच ऐकत होता! त्याचं ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान आहे, त्याला बेदाण्याशी काय करायचंय? तरी ऐकलं.

४ एप्रिल

आक्काताईंचा फोन. आईनं स्पीकर लावला.

"विहीनबाई, पोरगी आमाला पसंत हाय. नोकरी हाय, बोलाय-चालाय ग्वाड हाय. उंची दिली देवानं, आता काय करता? पर आमची चारशे मानसं येनार. नवऱ्याच्या डोस्क्यावर नवरी दिसली तर कराडापतोर हसं हुईल आमचं. अक्षता पडूपतोर दोगं सारखी दिसाय पायजेत. तेवढं जमवा. न्हाईतर परत बसून इचार करू."

आई म्हणाली, "जमवतो की!"

काय जमवणार? मला कापून?

६ एप्रिल

पाटाचा प्रश्न. बोहल्यावर दोघांनीही पाटावर उभं राहायचं असतं. आक्काताईंचं म्हणणं, आमच्या पोराला दोन पाट, तुमच्या पोरीला एकही नको. भटजींनी फोनवर साफ सांगितलं, नवरी पाटाशिवाय उभी राहणार नाही, शास्त्र आहे. मग आई म्हणाली, पुठ्ठ्याचा पाट चालेल का? मामा म्हणाला, कार्यालयाची फरशी उचकटून खड्डा काढू! कार्यालयवाल्यानं फोन ठेवून दिला.

संध्याकाळपर्यंत तोडगा निघाला. माझा पाट फरशीवर रांगोळीनं काढायचा. चार पाय वगैरे दाखवून. भटजी म्हणाले, "दिसायला पाट दिसला म्हणजे झालं."

७ एप्रिल

अंतरपाटाचं कुणाच्या लक्षातच नव्हतं! मुहूर्ताआधी नवरीनं नवऱ्याला बघायचं नाही म्हणून मध्ये कापड धरतात. मला त्या कापडावरून नवरा दिसेल, नवऱ्यामागचे लोक दिसतील, पार आचाऱ्याची कढई दिसेल. अंतरपाट वर धरावा, तर जयराज खालून दिसतो. आईनं दोन अंतरपाट एकाखाली एक शिवायचं ठरवलं. आक्काताई म्हणाल्या, "आमी काय तंबू मारतोय का?"

८ एप्रिल

मामाला सुचलं.

हिंदुराव मामा जुना पैलवान. बाबा गेल्यापासून आमच्या घरातलं सगळं त्याच्याच सल्ल्यानं चालतं, न झेपणारं असलं तरी. सकाळी चहा पिता पिता ओरडला, "गुडघ्यात वाकायचं! साडीच्या आत कोन बगतंय?"

उठवलं मला. साडी नेसवली. गुडघे वाकवले. मी खाली गेले आणि आई टाळ्या पिटायला लागली. साडी जमिनीला टेकली होती! एका वाकण्यात नवरा, अंतरपाट, पन्हा, सगळं मार्गी. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तशीच वाकून उभी. दहा मिनिटांत पाय लटलटायला लागले.

"ताकद न्हाई पोरीत," मामा म्हणाला. "आनतो."

१० एप्रिल

जोर आणि बैठका. पहाटे गच्चीवर. वर थंडाई, दूध, तूप. मी लग्नाला चाललेय की आखाड्यात?

बैठकांनंतर वाकून उभं राहायचं. वेळ कळावा म्हणून मामा स्वतः मंगलाष्टका म्हणतो. त्याला एकच येते, तीच परत परत. शेजारच्या सुलाबाई सकाळी आईला विचारत होत्या, पोरीचं लग्न उरकलं का काय?

१२ एप्रिल

मामानं बातमी आणली. जयराजच्या चुलतीनं स्वतः मंगलाष्टका रचली आहे. त्यात सगळ्या भावकीची नावं गुंफलीत. भावकी मोठी आहे. त्यामुळं बैठका वाढल्या.

१५ एप्रिल

चप्पल. दहा नंबर लेडीजमध्ये येतच नाही. विश्रामबागेतल्या दुकानातल्या पोरानं आधी विचारलं, "मिस्टरांसाठी का?" मग लपतछपत आतून जेन्ट्स सँडल काढली. आई त्यावर मोती चिकटवतेय. छान दिसते. एखादा हौशी फौजदार घालेल अशी.

१७ एप्रिल

ब्लाउज आला. कोपरापर्यंतची बाही दंडातच संपली, पाठ अर्धी. सुलाबाईच शिवतात आमचे कपडे. माप त्यांनीच घेतलं होतं, तरी! म्हणाल्या, "आगं, कापताना बगितलं तर आकडा लय मोटा. म्हनलं लिवताना चुकलं आसंल. म्हून मीच बरूबर केलं."

सगळे मला बरोबरच करायला निघालेत.

२१ एप्रिल

दुसरा ब्लाउज, खऱ्या मापाचा. घातला, हात वर केला, दंडावर टर्रर्र! जोर काढून दंड वाढलेत. सुलाबाई माझ्याकडे बघतात, टेपकडे बघतात, परत माझ्याकडे. "चार दिसांमागं येवडी नव्हतीस तू." मामा मागून अभिमानानं, "खुराक हाय त्यो!" सुलाबाईंनी हात जोडले. म्हणाल्या, लगनाच्या दिवशीच अंगावर शिवते, तवर वाढायचं बंद कर.

२३ एप्रिल

धीर करून जयराजला फोन केला. तो फोनवर "बरं" सोडून फारसं बोलत नाही. आज सरळ विचारलं, माझ्या उंचीचं तुम्हाला काही वाटतं का?

मग म्हणाला, "वाटतं की."

"काय?"

"अडचन हाय. त्याचंच बगतोय. बरं, ठिवू?"

ठेवला.

म्हणजे हाही! आत्या, मामा, आई, भटजी, दुकानदार. आणि आता हाही माझ्या अडचणीचं बघतोय. जेवले नाही.

२५ एप्रिल

आरशासमोर वाकून उभी राहिले. नसलेल्या खुर्चीवर बसल्यासारखी दिसते. तोंडावर मात्र नवरीचं हसू, तेही मामानं शिकवलेलं. "कळ तोंडावर दिसू द्यायची न्हाई."

शाळेत फोटो काढताना मला मागच्या रांगेत खुर्च्यांमागे बसवायचे, तेव्हापासून मी खांदे पाडून चालते. मला वाटायचं लग्नात तरी नीट उभी राहीन. सगळे माझ्याचकडे बघायला आलेले असतील ना त्या दिवशी! आता वाटतं, अक्षता पडूपतोर म्हणतात, पण पुढं काय? पूजेला, हळदी-कुंकवाला, कुणी पाहुणा आला की वाकू? जन्मभर? मला राग येतोय आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही. सगळे इतक्या मायेनं वाकवतायत.

२६ एप्रिल

आईला म्हटलं, मोडूया. आई म्हणाली, "कार्यालयाला सांगितलंय." मग जवळ येऊन डोक्यावरून हात फिरवायला गेली. पोचला नाही. मी वाकले.

२९ एप्रिल

मामानं परीक्षा घेतली. डोक्यावर पाण्याचा तांब्या, गुडघे वाकलेले, मंगलाष्टका वीस वेळा. थेंब सांडला नाही. मामा तालमीतल्या दोघांना घेऊन आला होता बघायला. त्यांनी पाठीवर थाप मारली. एकजण म्हणाला, "वजनी गट कुठला?"

३ मे

झालं लग्न.

सगळं ठरल्यासारखं. ब्लाउज सुलाबाईंनी कार्यालयात अंगावरच शिवला, दोन टाचण्या आत राहिल्यात, आत्ताही टोचतायत. मी रांगोळीच्या पाटावर, जयराज दोन खऱ्या पाटांवर डुगडुगत. मागून त्याच्या दोस्तानं कमरेला धरलेलं. मी वाकले. शालू फरशीला टेकला. अंतरपाट धरला आणि मला समोर नुसतं पांढरं कापड दिसलं. पहिल्यांदाच असं झालं असेल, की माझ्यासमोर कुणीतरी काहीतरी धरलं आणि मला पलीकडचं दिसलं नाही.

चुलतीची मंगलाष्टका सुरू झाली. आजोबा झाले, चुलते झाले, जावई झाले. पुण्यातले झाले. एक भाचा राहिला म्हणून कुणीतरी खालून ओरडलं, त्याच्यासाठी कडवं परत! मांड्या पेटल्या होत्या. मागून मामा हळूच, "दम धर, दम धर." आक्काताई बाजूला येऊन बघून गेल्या. "झ्याक! दोगं अगदी सारखी."

अक्षता पडल्या. अंतरपाट निघाला. जयराजचे डोळे बरोबर माझ्या डोळ्यांसमोर. त्यानं माझ्याकडे बघितलं, पायांकडे बघितलं, परत तोंडाकडे. आणि हळूच विचारलं, "तुमी कमी कशा काय झालाय?"

इतका संताप आला! एवढं सगळं करून वर हे विचारणं! "आत्यांना विचारा," म्हटलं आणि हार घातला. वाकूनच. तो पुढं काही बोलायला गेला, तेवढ्यात बँड वाजला.

आता गाडीत लिहितेय. मलकापूर येईल थोड्या वेळात. तो पुढं बसलाय. मागं वळून बघत नाही. मीही हाक मारली नाही.

४ मे, मलकापूर

काल दारात पोचलो तेव्हा पाहुण्या बायका ओरडल्या, "वाक गं, वाक!" सवयीनं वाकले, माप ओलांडलं, आत आले. आक्काताई तोंड फुगवून उभ्या. "कशाला वाकतीस आता? वर बग की! बस्त्यावनं आला आन् दुसऱ्या दिशी गवंडी लावला ह्यानं. घरातल्या समद्या चौकटी काढल्या, दारं उच केली. लगनघरात म्हयनाभर धुरळा! बोलाय गेलं तर म्हनतो, ती काय रोज वाकून यील व्हय?"

वर बघितलं. माझ्या डोक्यावर हातभर जागा. नव्या गिलाव्याला अजून रंगही नव्हता.

जयराज कोपऱ्यात फेटा सोडत होता. मी परत बाहेर गेले. "आगं, कुटं निगालीस?" — आणि सरळ उभी आत आले.