आईच्या डब्यातल्या गोळ्या

बाबा,

मी रक्ताचा रिपोर्ट घ्यायले अकोल्याले जाऊन राह्यली. भाकरी टोपल्यात झाकून ठेवल्या, वरण तेवढं गरम करून घ्या.

आईच्या डब्यातल्या गोळ्या माह्या चहाजवळ ठेवत जाऊ नका. मी एकबी घेतली नाही. डॉक्टर म्हणते, संधिवात दोघींचा तोच असला तरी रक्तातल्या खुणा पाहूनच औषध ठरवा लागते. तिले देल्लेली गोळी मले लागू पडनच असं नाही.

काल सकाळी मी चुलीपाशी आखडलेली बोटं शेकून राह्यली होती, तवा तुमी मांगून आईच्या नावानं, 'चतुरे' म्हणून हाक मारली. आई जाऊन वर्ष झालं, बाबा.

अन् मी तिच्यावानीच ओ देल्ली.

ज्योत्स्ना