एकशे एकोणनव्वद झाकणं

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (अंगं सध्या सातच धर. डावा गुडघा एका जिन्यावर सोलवटलाय, तो टेकवता येत नाही. कारण पुढे येईल.)

तुझी कंबर, तुझा नवा चष्मा आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंशी चाललेलं गच्चीच्या किल्लीचं भांडण, तिन्हींची खुशाली कळव. माझी म्हणशील तर जेवतो, झोपतो, वर्गात जातो, आणि या तिन्हींपैकी नीट काय करतो ते विचारू नकोस. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत तू ‘काय घोळ घातलास?’ असं विचारतेस आणि माझ्या तोंडून ‘काही नाही’ निघून जातं. पत्रात तुला मधे बोलता येत नाही. (बोलशीलच, पण मला ऐकू येणार नाही.) तुझ्या गेल्या पत्रात तू त्या उंच स्टीलच्या डब्याच्या झाकणाबद्दल पुन्हा विचारलंयस. आत्या, मी गेली तीन वर्षं सांगतोय, मला खरंच माहीत नाही. कपाटामागे बघ एकदा. बाकी माझं तुझ्याकडे काही काम नाही, सहज लिहितोय.

तर मार्केटिंगची पदवी. ही माझी चौथी शाळा हे तू सगळ्या नातेवाइकांना सांगतेस, तसं मीही इथे सांगून टाकलंय. फ्रिजदुरुस्ती आठ महिने, हॉटेलच्या स्वागतकक्षाचा कोर्स दीड वर्ष, आणि मधमाश्यापालन बारा दिवस (तो निर्णय मधमाश्यांचा होता). पण इथे मी तिसऱ्या वर्षापर्यंत पोचलोय, आणि कुठल्याही गोष्टीच्या तिसऱ्या वर्षात मी याआधी कधी नव्हतो. त्यामुळे इथलं हवापाणी मला नवीन आहे. आमची शाळा म्हणजे काचेची चार मजली इमारत. आत सगळीकडे भिंतीवर बाण आहेत आणि ते सगळे वर जाताना दाखवलेत, लिफ्ट मात्र बंद. पहिल्या वर्षी शिकवतात की ग्राहक राजा आहे. दुसऱ्या वर्षी शिकवतात की राजाला काय हवंय ते राजाला माहीत नसतं. तिसऱ्या वर्षी तुम्हाला त्याच्या दारात सोडतात, हातात बावीस प्रश्नांचा फॉर्म देऊन.

आमचा शेवटचा प्रोजेक्ट म्हणजे प्लास्टिकचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यासाठी सर्वे. लोकांना झाकण कसं हवं, एवढंच शोधायचं. दोनशे घरं, प्रत्येक घरात एक फॉर्म, प्रत्येक प्रश्नाला एक ते पाचमध्ये उत्तर. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे अगदी हवंच. शेवटी ‘इतर सूचना’ म्हणून चार ओळी मोकळ्या. जोडीला एक मुलगा दिला होता, त्याला सगळे टाय म्हणतात, कारण तो रविवारीही टाय लावतो. टाय म्हणाला, “घरोघरचं तू बघ, प्रेझेंटेशन मी बघतो.” मला ही वाटणी बरी वाटली. फिरणं मला जमतं, तुला माहीतच आहे.

फिरणं जमतं, फॉर्म भरून घेणं जमत नाही, हे मला अकराव्या घरी कळलं, आणि अकरावं घर सहाव्या दिवशी आलं. कारण असं, की पहिल्या घरातल्या आजोबांनी भिंतीवरचं घड्याळ उघडून ठेवलं होतं, ते दोघांनी मिळून बंद करेपर्यंत संध्याकाळ झाली. (चालत नाही अजून, पण आता दोन काटे एकाच दिशेला आहेत.) तिसऱ्या घरातल्या बाईंना पडदा लावायला समोरचं टोक धरणारं कोणी नव्हतं. सहाव्या घरात फ्रिज घरघरत होता. आता तूच सांग, आठ महिने शिकलेला माणूस घरघरणाऱ्या फ्रिजसमोर उभा राहून झाकणाबद्दल कसं विचारेल? नवव्या घरात माझ्यासमोर दोन भावांचं भांडण लागलं आणि दोघांनी मलाच पंच केलं. फॉर्म दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. अकरा भरलेले, एकशे एकोणनव्वद कोरे.

मी आमच्या कोपऱ्यावरच्या लॉण्ड्रीत गेलो. तिथे मशिनमध्ये कपडे फिरताना बघत बसलं की डोकं शांत होतं. फॉर्मचा गठ्ठा मांडीवर, तीन रंगांची पेनं खिशात. वाटलं, थोडे आपणच भरू. दहा-बारा. पण आत्या, झाकणाबद्दल मला स्वतःला काहीच मत नाही. आयुष्यात मी झाकणांबद्दल एकाच माणसाकडून ऐकलंय, पण रोज ऐकलंय. एकतीस वर्षं इस्पितळाच्या चादरींचं भांडार सांभाळलेली बाई, घरातल्या प्रत्येक डब्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, आणि माझ्या शाळेच्या शर्टांच्या कॉलरलाही नंबर! (सात नंबरचा शर्ट अजून घालतो.) पहिला फॉर्म तुझ्या मनाने भरला, तर पेन असं धावायला लागलं, की जणू कोणी शेजारी बसून सांगतंय. मग दुसरा, मग तिसरा. पन्नास डाव्या हाताने लिहिले. वयं एकोणीसपासून त्र्याऐंशीपर्यंत वाटली. कपडे तीनदा धुऊन झाले, मालकाने विचारलं की यांना डाग कसले आहेत.

आता घोळ कुठे झाला ते ऐक. तू आयुष्यात कशालाही ‘बरं आहे’ म्हणालेली नाहीस. तुला वस्तू एक तर डोळ्यांसमोर नको असते, नाही तर तिच्यासारखी दुसरी वस्तू नसते. त्यामुळे एकशे एकोणनव्वद माणसांनी बावीसही प्रश्नांना फक्त एक नाही तर पाच अशीच उत्तरं दिली. दोन, तीन, चार ओस. आणि ‘इतर सूचना’मध्ये सगळ्यांनी लिहिलं, की झाकण डब्याला पट्टीने कायमचं जोडा म्हणजे हरवणार नाही. एकोणीस वर्षांच्या एका मुलीने वर लिहिलं, “हल्लीच्या मुली झाकण घट्ट लावत नाहीत.” आणि सेहेचाळीस जणांनी, त्यात एक चौतीस वर्षांचा ट्रकड्रायव्हर आणि दोन कुस्तीगीर, तक्रार केली की भाचा डबा नेतो आणि झाकण परत आणत नाही.

आम्हाला संख्याशास्त्र शिकवणारे सर आहेत, त्यांना सरासरी सर म्हणतात. शांत, बारीक, कोपरं झिजलेला कोट घालणारे. बावीस वर्षं ते विद्यार्थ्यांचे फॉर्म तपासतायत आणि बावीस वर्षं त्यांना प्रत्येक आलेखात मधोमध एक टेकडी दिसत आलीय, कारण लोक सगळ्याला तीनच म्हणतात. माझ्या फॉर्मचा आलेख काढला तर दोन टोकांना दोन मनोरे आणि मधे सपाट मैदान! सर उठून उभे राहिले. म्हणाले, “स्वतःचं मन इतकं स्पष्ट माहीत असलेला बाजार मी पाहिला नव्हता.” तो आलेख त्यांनी चौकट करून आपल्या खोलीत लावला. टायने त्यावर चाळीस स्लाइड्स केल्या, तुझ्या एकशे एकोणनव्वद अवतारांना ‘ठाम ग्राहक’ असं नाव दिलं, आणि एकतिसाव्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: झाकण हरवण्याचं प्रमुख कारण, भाचे. कारखान्याच्या मालकीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या रांगेत बसून बुटाची नाडी सोडत होतो आणि बांधत होतो.

एवढ्यावर मी गप्प राहिलो असतो. पण मालकीणबाईंनी आम्हाला कारखाना बघायला नेलं. तिथे साचे बनवणारे एक काका आहेत, हाताला अडीच बोटं कमी, बोलणं त्याहून कमी. जोडलेल्या झाकणाचं चित्र त्यांच्या टेबलावर पसरलं होतं. मला म्हणाले, “लोखंड एकदा कापलं की परत जोडता येत नाही. सोमवारी कापतोय. एवढ्या सगळ्यांनी मागितलंय ना हे?”

मी म्हटलं, “हो.”

“एवढ्या सगळ्यांना भाचे आहेत?”

मी वाकून बुटाची नाडी सोडली.

“मला सात आहेत,” काका म्हणाले. “एकानंही कधी झाकण नेलं नाही.”

आत्या, मी आजवर तीन कोर्स सोडले तेव्हा कोणाचं काही बिघडलं नव्हतं, माश्यांचं तर भलंच झालं. पण तो माणूस माझ्या शब्दावर लोखंड कापणार होता. मी तिथेच सगळं सांगितलं. काकांनी चित्राची गुंडाळी केली, रबर लावलं आणि म्हणाले, “आता हेच तुझ्या सरांना सांग. मी जेवून घेतो.”

सरांना सांगणं जास्त जड गेलं. त्यांनी ऐकलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग खुर्चीवर चढून चौकट भिंतीवरून उतरवली आणि उलटी करून टेबलावर ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं. फक्त म्हणाले, “मला वाटलं होतं, एकदा तरी.” आणि वाक्य तसंच सोडलं. मग त्यांनी मला एकशे एकोणनव्वद कोरे फॉर्म दिले. खरी घरं, खरी माणसं, तीन आठवडे. फ्रिज उघडायचा नाही, घड्याळ उघडायचं नाही, पंच व्हायचं नाही. नंतर परीक्षा समिती ठरवेल, ठेवायचं की काढायचं.

तेव्हापासून मी जिने चढतोय. एकशे चाळीस घरं झाली, एकोणपन्नास उरलीत. गुडघा एकशे बाराव्या घराच्या जिन्यावर गेला. लोक दार अर्धंच उघडतात, आतून कोणीतरी “कोण आहे?” म्हणतं, दारातला माणूस “कोणी नाही” म्हणतो, आणि मी त्या कोणी नाहीला विचारतो की झाकण पारदर्शक असावं का. तो म्हणतो तीन. पट्टीने जोडलेलं हवं का? तीन. आवाज झाला पाहिजे का? तीन टाक. तुला हे सांगताना जिवावर येतंय, पण कधीतरी कोणीतरी सांगायलाच हवं होतं: जोडलेलं झाकण एकशे चाळीसपैकी फक्त नऊ जणांना हवंय. धुवायला त्रास होतो म्हणतात. भाच्याचा उल्लेख शून्य. आत्या, जगाला झाकणाचं काही पडलेलं नाही. जग तीन आहे. तू एकटीच पाच.

दमलोय. पण या वेळी सोडावंसं वाटत नाही, हे मला स्वतःलाच नवीन आहे. बाकी सर्व क्षेम. कंबरेला शेक घे, किल्ली वरच्या बाईंना देऊ नकोस. पत्रोत्तराची घाई नाही.

तुझा भिंगऱ्या
(पत्ता तोच, सलग तिसऱ्या वर्षी)

ता. क. घाई आहे. ते फॉर्म मी तुझ्या मतांवरून भरले हे सांगितलं, तर समितीच्या अध्यक्षीणबाई म्हणतात की बावीसपैकी बावीस प्रश्नांना टोकाचं उत्तर देणारा माणूस असू शकत नाही, तोही मीच बनवलाय, आणि असं असेल तर मला ठेवण्यात अर्थ नाही. सर माझ्या बाजूने बोलले. म्हणाले, ती बाई खरी असेल तर समोर आणा, निदान एक तरी फॉर्म खरा धरता येईल. तेव्हा येत्या गुरुवारी अकरा वाजता तू आमच्या शाळेत हवीस. लिफ्ट बंद आहे, समिती चौथ्या मजल्यावर. मी खाली थांबेन आणि प्रत्येक मजल्यावर खुर्ची ठेवेन.

ता. क. २. त्यांच्यासमोर तुला काही पाठ करायचं नाही. तुला जे वाटतं तेच सांग. मला वाचवायचं म्हणून सौम्य बोलू नकोस. कशालाही ‘चालेल’ म्हणालीस तर मी गेलो. अध्यक्षीणबाईंच्या टेबलावर झाकण नसलेला पाण्याचा ग्लास असतो, त्याबद्दल बोललीस तरी हरकत नाही.

ता. क. ३. येताना तो उंच स्टीलचा डबा आण. झाकण माझ्याकडे आहे. पहिल्या दिवसापासून आहे. खोलीत आरसा नव्हता, म्हणून तीन वर्षं त्यात बघून दाढी करतोय. वर तुझी चिठ्ठी तशीच आहे, तारखेसकट. पोस्टाने मागवू नकोस, पाठवणार नाही. हातात घ्यायला तूच ये. बसलं नाही तर आधी डबा तपास, झाकणाला काही झालेलं नाही. (एक पोचा आहे. तो आधीचा, मधमाश्यांच्या वेळचा.)