खलास कंपनी आणि मरियमबीचे शाप

इंटरनॅशनल सिटी, दुबई
९ जानेवारी २०२५

ती. प्रमिलाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणाली होतीस, इंजिनिअरिंग सोडलंस तर तुझ्याशी बोलणं सोडीन. मी सोडलं, तूही सोडलंस. दीड वर्ष झालं, फोन वाजून वाजून गप्प होतो. पण परवा रफिकभाई रत्नागिरीहून आले आणि तुझा निरोप दिला की बोलायला बंदी आहे, लिहायला नाही. मग घे, भरपूर लिहितो. रफिकभाईंचं इथे दुबईतच, देऱ्यात हॉटेल आहे. तिथला कुणी ना कुणी महिन्याला गावी जातोच, तोच आपला पोस्टमन.

मी मजेत आहे. दिवसा ड्रॅगन मार्टमध्ये दिव्यांच्या दुकानात काम करतो आणि इथल्या फ्रान्स क्लस्टरमध्ये एका खोलीत सहा जण राहतो. तेव्हा कुणी विचारलं तर बेधडक सांग, भाचा फ्रान्समध्ये असतो.

खरी बातमी पुढे आहे. मी आणि रिझवाननं ‘खलास कंपनी’ काढली. रिझवान आपल्या मिरकरवाड्याचा. ठेका तो बांधतो, शब्द मी लिहितो आणि म्हणतो. गँगस्टा रॅप. घाबरू नकोस, टोळीत गेलेलो नाही. ज्यांना जग हिंग लावून विचारत नाही, त्यांनी छाती काढून केलेली दमबाजी म्हणजे हे गाणं. आखातात मराठीतून ते आमच्याआधी कुणीही केलेलं नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही. फुशारकीनं सांगितलं असतं तर आवाज आणखी मोठा असता.

पहिल्या गाण्यात शिव्या होत्या. आमच्या खोलीतला प्रकाश वॉचमन लोकांचा सुपरवायझर आहे. तो म्हणाला, बाबा, इथे साधी मेसेजमध्ये शिवी दिली तरी चौकीवर जावं लागतं नि मग थेट विमानात बसवतात. झालं, गाणं पुसलं. शिवीशिवाय गँगस्टा म्हणजे मिठाशिवाय मासळी. महिनाभर डोकं आपटलं.

तेव्हा सापडल्या मरियमबी, रिझवानच्या आई. रफिकभाईंच्या हॉटेलचा भटारखाना त्यांच्या हातात. एकदा भाजीवाल्यानं कुजकी कोथिंबीर पाठवली आणि त्यांनी त्याला फोनवर असं धुतलं की रिझवाननं गुपचूप रेकॉर्ड केलं. एकसुद्धा घाण शब्द नाही, आत्या! तुझा एसी ऑगस्टात बंद पडो, तुला जन्मभर पार्किंग न मिळो, तुझी लिफ्ट सतराव्या मजल्यावर उघडो नि समोर तुझी सासू उभी राहो. त्यावर मी माझे शब्द चढवले. ‘कुजकी कोथिंबीर’ सव्वा लाख लोकांनी ऐकलं. आता शारजातही एक टोळी निघालीय, आमची नक्कल करते.

आणखी एक. आमच्या दुकानात हिशेबाला रिद्धी म्हणून मुलगी आहे. डिस्कव्हरी गार्डन्सला आईवडिलांकडे राहते. मी रोज तिला मशीनचा चहा न देता बाहेरून कडक चहा आणून देतो, दीड दिरहमचा, म्हणजे आपले पस्तीस रुपये. यावरून काय ते समज.

लोभ पातळ झाला असेल तर जरा आटव, पण बंद करू नकोस.

तुझा,
वेदांग

⁂

रत्नागिरी
२ फेब्रुवारी २०२५

चि. वेदांगस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीच्या पायाचंच आहे, म्हणजे पत्र तुझंच.

शेजारच्या जुलेखाच्या मोबाइलवर तुमची कोथिंबीर ऐकली. तू मध्ये मध्ये का ओरडतोस कळलं नाही, पण त्या बाईंचा आवाज थेट आत गेला. मी सव्वीस वर्षं एसटी स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारल्या, तेव्हा आवाजातलं मला थोडं समजतं. एकदा राजापूरच्या गाडीला मी लांजा म्हणाले. लगेच दुरुस्त केलं, तरी चौदा माणसं चुकीच्या गाडीत बसून गेली होती. माईकवरून सुटलेल्या शब्दामागे धावता येत नाही.

म्हणून एक विचारते. त्या बाईंचा आवाज सव्वा लाख लोकांच्या कानात घालायच्या आधी त्यांना विचारलं होतंस का? की भाजीवाल्याला कळलं आणि त्यांनाच कळलं नाही?

रिद्धीबद्दल समजले. चहा आणून देणारे पुष्कळ असतात. तिचे वडील काय करतात, तू काय करतोस हे त्यांना ठाऊक आहे का, ते लिही. रफिकभाईंच्या माणसाबरोबर कोकमं पाठवली आहेत, खोलीतल्या सहांनाही दे.

बोलणं बंद आहे. माया चालू आहे.

तुझी आत्या,
प्रमिला

⁂

इंटरनॅशनल सिटी, दुबई
१४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न.

नाही विचारलं. झालं समाधान? त्या रोज आम्हाला वाढतात, शेजारी बसवतात, मुलासारखं वागवतात. मुलानं आईला अर्ज करायचा का? तुझं पत्र वाचून तास-दोन तास नुसता भडकलो होतो. कोकमं मात्र छान.

आता ऐक. मुंबईच्या एका मोठ्या संगीत कंपनीचा माणूस इथे आला होता. आम्हाला नाही, मला भेटला. मला एकट्याला घेतायत, आत्या! तीन वर्षांचा करार, सहा गाणी, मुंबईत शूटिंग. म्हणाला, चेहरा तुझा, शब्द तुझे, ठेका बांधणारे आमच्याकडे पोत्यानं आहेत. व्हिडिओत हातात पिस्तूल, अर्थात खेळण्यातलं. आणि मुंबईत गाणार म्हणून शिव्या हव्यात, इथल्यासारखं घाबरणं नको. मी मरियमबींच्या आवाजाचं काय विचारलं, तर म्हणाला, तो काढा, गँगस्टर वाटत नाही, आई वाटते.

पाडव्याच्या आत सही हवी आहे. रिझवानला अजून सांगितलेलं नाही. रोज सांगायला जातो आणि जेवून परत येतो.

तू म्हणशील, हो म्हणायची घाई का? तर हे आहे कारण. रिद्धीच्या वडिलांना गेल्या शुक्रवारी भेटलो. विजयकुमार त्यांचं नाव, मोठ्या फर्ममध्ये अकाउंटंट. त्यांनी विचारलं काय करतोस, मी म्हटलं गातो. त्यांनी विचारलं, कुठल्या देवळात? रिद्धी हसली नाही, एवढीच मला शाबासकी. डिग्री नाही, घर नाही, दिवे विकतो. या माणसासमोर छापील करार ठेवला तर त्याला खुर्ची द्यावीच लागेल. मला रिद्धी हवी आहे, आत्या. आज तर दुकानात जो तो लाल फुगे विकत घेत होता आणि मी फुगे टांगायच्या शिडीवर उभा राहून तिच्याकडे बघत होतो. पडलोही. लागलं नाही.

रिझवान हुशार आहे, त्याचं कुठेही होईल. मी जाणार. ठरलंय. तरी तू काय म्हणतेस ते लिही.

रागावलीस तरी चालेल, विसरू नकोस.

तुझा,
वेदांग

⁂

रत्नागिरी
२० फेब्रुवारी २०२५

चि. वेदांगस,
अ. उ. आ.

माणूस उद्या सकाळीच निघतोय म्हणून थोडक्यात लिहिते.

ठरलंय असं लिहितोस आणि खाली मला विचारतोस. ज्याचं ठरलेलं असतं तो विचारत नाही, पेढे पाठवतो.

जा असंही म्हणत नाही, जाऊ नको असंही नाही. इंजिनिअरिंगला जा असं मीच म्हटलं होतं, त्याचं काय झालं ते दोघांनी पाहिलं. फक्त ज्या घरात रोज जेवतोस, त्या घरात आधी तोंडानं सांग. त्या माउलीला दुसऱ्याच्या मोबाइलवरून कळता कामा नये, एकदा तसं झालंच असणार. सांगितल्यावरही जावंसं वाटलं तर खुशाल जा, माझा आशीर्वाद आहे.

शिडीवर चढताना खाली बघावं, समोर नव्हे.

तुझी आत्या,
प्रमिला

⁂

इंटरनॅशनल सिटी, दुबई
२ मार्च २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. तसाच देऱ्याला गेलो आणि आधी कोथिंबिरीची माफी मागितली. मरियमबींना सगळं ठाऊक होतं. म्हणाल्या, मेल्यांनो, भाजीवालाच मला ऐकवून गेला, आता तो ताजी देतो म्हणून गप्प बसले. पण चोरून घेतलेलं त्यांना आवडलं नव्हतं. घ्यायचं तर समोर बसवून घ्या म्हणाल्या. आणि लगेच घ्या, कारण शुक्रवारी चंद्र दिसला की रमजान. रोज्यात त्या कुणाला वाईटवंगाळ बोलत नाहीत.

तेव्हा शुक्रवारी दुपारी रिझवानच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या, माईक लावला आणि त्यांना बसवलं. आत्या, त्यांनी ओढणी सारखी केली, घसा साफ केला आणि माईकला विचारलं, बाळा, जेवलास का? एक तास हेच. रिझवाननं भाजीवाल्याची आठवण दिली, तर म्हणाल्या, नको, त्याला मुलगी झालीय. राग कसा येणार, कुणी चुकलंच नव्हतं.

म्हणजे एक जण चुकला होता आणि तो माईकच्या या बाजूला बसला होता.

मी सांगून टाकलं. मुंबईची कंपनी, मी एकटा, रिझवान नको, तुमचा आवाज नको, पंधरा दिवस तुमच्याकडे जेवून गप्प राहिलो. गाण्यासाठी सांगितलं नाही, देवाशपथ. तोंडातून आपोआप गेलं.

त्यांनी रिझवानकडे बघितलं. त्याला ठाऊक नव्हतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. आणि मग, आत्या, मग सुरू झालं! तुझं गाणं लिफ्टमध्ये वाजो नि कुणी मान वर न करो. मुंबईत तुझी मोठी पाटी लागो नि तिच्यावर कावळे पोरंबाळं घेऊन राहोत. पंगतीत तुझ्यापर्यंत येईस्तोवर भाजी संपो, वाढप्या तुला विसरो. नावानिशी, वेदांग, वेदांग म्हणत. वीस मिनिटं. रिझवानच्या डोळ्यांना धार लागली होती, पण बटणावरचं बोट हललं नाही, असा तो कलावंत आहे. शेवटी त्या हळू आवाजात म्हणाल्या, तुला खूप टाळ्या मिळोत, नि घरी येऊन सांगायला कुणी न मिळो.

तो लागला. बाकीचे अंगावरून गेले, तो लागला. मी खाली उतरून खाडीवर गेलो आणि लाकडी गलबतांवर माल चढवणारी माणसं बघत बसलो. अंधार पडायच्या आत कंपनीला कळवलं, नाही जमणार. साधू झालो समजू नकोस, दोन दिवस उशीला गुद्दे घालतोय.

रिझवान बोलत नव्हता. आज सकाळी त्यानं न बोलता ठेका पाठवला. त्यात मरियमबींचे वीस मिनिटांतले चार मिनिटांचे शाप आहेत आणि मध्ये माझ्यासाठी मोकळी जागा. असा ठेका पोत्यानं मिळत नाही, त्या माणसाला म्हणावं. मी मोकळ्या जागेत एकही दमबाजी केली नाही. प्रत्येक शापाला फक्त कबूल, कबूल म्हटलं. गाण्याचं नाव ‘वाढप्या विसरो’. यंदा ईद आणि पाडवा लागूनच येतायत, तेव्हा सोडू. शब्द, मरियमबी. ठेका, रिझवान. शिव्याशाप खाणारा, वेदांग. असंच नाव लागेल, त्यांना विचारून.

रिद्धीलाही सांगितलं की करार गेला. मला वाटलं रडेल, निदान उसासा तरी टाकेल. तर चिडली. म्हणाली, करार दाखवून मला मागायचं तुझं तूच ठरवलंस, मला विचारलं होतंस का? आत्या, तुम्ही बायका एकमेकींना पत्रं लिहिता का? मी म्हटलं, आता विचारतो. ती म्हणाली, आधी गाणं ऐकव.

लोभ वाढव म्हणत नाही, आहे तेवढ्यावर माझं मस्त भागतंय.

तुझा,
वेदांग

⁂

देरा, दुबई
२५ एप्रिल २०२५

रत्नागिरीच्या प्रमिलाताईंना मरियमबीचा सलाम.

आपली ओळख नाही. वेदांगकडून पत्ता घेतला. मी सांगतेय नि माझी मुलगी माहनूर लिहून घेतेय, तिचं मराठी शाळेतलं आहे, माझं चुलीवरचं.

तुमचा वेदांग खुशाल आहे. माथं गरम आहे पण पानात टाकत नाही. ते गाणं ईदला सुटलं, त्याला आता नऊ लाख लोक झाले म्हणे. हॉटेलात पोरं येतात नि मला शाप द्या म्हणून रांग लावतात. मी त्यांना चपात्या देते. शारजाची ती दुसरी टोळीही आली होती, रिझवाननं त्यांना चहा पाजला. पुढच्या महिन्यात आमच्या लोकांच्या मेळाव्यात कार्यक्रम आहे, मलाही उभं राहायला सांगतायत. मी म्हटलं, उभी राहीन, पण कुणी चुकलं असेल तरच बोलेन. रिझवान नि वेदांग दोघं म्हणाले, ते आमच्यावर सोडा.

ती रिद्धी आली होती, वडिलांना घेऊन. त्यांनी वेदांगला सांगितलं, बाहेरून का होईना, डिग्री पुरी कर, मग बोलू. याचं डोकं फिरणार इतक्यात मी माझं सगळं गाणं त्याला नुसत्या डोळ्यांनी म्हणून दाखवलं. फॉर्म भरलाय त्यानं. ते साहेब जाताना माझ्याकडून एक शाप लिहून घेऊन गेले, ऑफिसात कुणासाठी तरी.

ताई, पत्र लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. तोंडातून रागानं जे निघालं ते एकदाच निघालं होतं. त्याच रात्री मी अल्लाकडे म्हटलं, पोर आहे, त्यातलं काही खरं करू नको. पण आता ते गाणं रोज वाजतं. टॅक्सीत वाजतं, जिममध्ये वाजतं. जितक्यांदा वाजतं तितक्यांदा त्या पोराला माझा शाप बसतो नि तितक्यांदा मला तो मागे घ्यावा लागतो. पाच वेळच्या नमाजानंतर बसते तरी पुरं पडत नाही. नऊ लाख, ताई! मला स्वयंपाकही असतो.

तेव्हा निम्मे तुम्ही तिकडून तुमच्या देवाजवळ मागे घ्या. आकडा रोज वाढतो, माहनूर कळवत जाईल.

दुआत ठेवा, आम्हीही ठेवतो.

आपली,
मरियमबी