तळ्यापर्यंतची धाव

अहो,

"इतक्या वर्षांनी धावलो, पण तळ्यापर्यंत कुठे थांबलो नाही!" काल जेवताना केवढ्या ऐटीत सांगितलंत. आज बेकरीवाला पाव देताना मलाच विचारतो, "साहेबांना बरं आहे ना आता? काल आमच्या बाकावर छाती धरून बसले होते. घरी सांगू नका म्हणाले."

वा रे धावपटू! कॉलेजातली शर्यत जिंकून जमाना लोटला, पोट टेबलाला टेकतंय, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

तुमचे नवे बूट मी कुलपात टाकलेत. दुपारी हृदयाच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय. शाळेतला शेवटचा तास घेऊन मी परस्पर तिथे येते. तुम्ही गाडीनंच या, मर्दुमकी नको. आणि डॉक्टरांसमोर थापा मारायच्या नाहीत. मी शेजारच्याच खुर्चीत बसणार आहे.