न तपासलेला हातमोजा

दाजी,

तुम्ही चारचौघांत सांगता, "मेव्हण्यानं मला काळाच्या तोंडातून ओढून आणलं." दर वेळी मी मान खाली घालतो आणि लोकांना वाटतं, लाजाळू आहे.

खरं सांगतो. त्या दिवशी विजेची लाइन चालू ठेवूनच दुरुस्ती करायची होती. तुमचे रबरी हातमोजे तपासायचं काम माझं. हवा भरून गालाजवळ धरायचे आणि कुठून फुंकर येते का बघायचं, एवढंच. पण मला यायला उशीर झाला होता. मी न तपासताच 'तपासले' म्हणून सही ठोकली.

क्रेनचा पाळणा तुम्हाला घेऊन तारांकडे चढू लागला आणि मला ती खोटी सही आठवली. "दाजी, खाली या!" मी ओरडलो.

"आता काय विसरलास रे?" तुम्ही वैतागून उतरलात. "मोजे पुन्हा एकदा बघतो," म्हणत मी त्यांत हवा भरली, तर अंगठ्यापाशी गालाला बारीक फुंकर लागली. तुम्ही मला मिठी मारलीत. तेव्हाच बोलायला हवं होतं, पण मी दुसरे मोजे आणायला पळालो.

काल मला वाढताना ताई म्हणाली, "तू होतास म्हणून हे आज पानावर बसलेत." मी पान तसंच टाकून उठलो.

आज साहेबांना सगळं लेखी दिलं. तपासणीचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं, तेव्हा उलट बरंच वाटलं. तुम्हाला मात्र हे कागदावरून कळू नये. पत्र फाडतो आणि घरी येतो. ताईसमोरच सांगेन. तुम्ही हात उगारलात तरी जागचा हलणार नाही.

तुमचा अपराधी,
मेव्हणा