बघू म्हणाले, म्हणजे येणार

६ डिसेंबर २००९, रविवार. सकाळी ७
टूरमध्ये नाव घातलं. अणशी आणि कुद्रेमुख, दोन्ही डोंगरातली नॅशनल पार्कं. शेषगिरी नावाचा गाइड पक्षी दाखवणार. मला पक्ष्यांचं काय करायचंय म्हणा! बायको कुसुम जाऊन दोन वर्षं झाली. मार्चमध्ये दाजीबानपेठेतलं साड्यांचं दुकानही विकलं. आता दिवस दिवस बोलायला माणूस नाही. संकल्प: चार मित्र जोडूनच परत यायचं. चाळीस वर्षं गिऱ्हाईक सांभाळलंय, चार माणसं म्हणजे किस झाड की पत्ती!

१२ डिसेंबर, शनिवार. अणशी
जीपमध्ये सहाजण. शेषगिरीने एकेक दुर्बीण दिली आणि जंगलात अजिबात बोलू नका म्हणाला. पटलं नाही. दुकानात गिऱ्हाईक गप्प झालं की समजावं, सौदा गेला. म्हणून बोलत राहिलो. शेजारी धारवाडच्या रिटायर्ड टीचर शालिनीबाई. त्यांना कुसुमचं आजारपण पहिल्यापासून सांगितलं. डोळ्याची दुर्बीण न काढता ऐकत होत्या. फार समंजस बाई. दुपारी जागा बदलून मागे बसल्या. मागे वारा चांगला लागतो म्हणे.

१३ डिसेंबर. सकाळी ९
जरा घोटाळा. ज्या मलबार ट्रोगनसाठी सगळे आलेत, त्याची दीड तास वाट बघितली. आला एकदाचा. अहाहा! पोट लाल, वर पांढरी पट्टी, थेट इरकलीचा पदर! राहवलं नाही. गिऱ्हाईक पायरी चढलं की म्हणायचो तसं दोन्ही हात पसरून म्हणालो, बर्री, बर्री, कूड्री! कन्नडमध्ये काय नि मराठीत काय, या-बसा म्हणण्यात वाईट काय आहे? पक्षी गेला. सगळे दुर्बिणी पिशवीत घालून जीपकडे निघाले. फक्त बँकेतले रामचंद्रराव दुकानाची चौकशी करत होते. विकलं म्हटल्यावर म्हणाले, बरं केलंत. मायाळू माणूस.

१५ डिसेंबर. कुद्रेमुख
शेषगिरीने आज मला खास काम दिलं. बाकीचे डोंगर चढणार, मी गेस्ट हाउसवर सामान राखायचं. असलं जबाबदारीचं काम वाटेल त्याला देत नाहीत. दिवसभर राखलं. चारच्या सुमाराला वाटून गेलं, मला टाळतात की काय. छे! उपाशीपोटी काहीही सुचतं.
संध्याकाळी सगळ्यांना पत्ता दिला. रविवारी चारला चहाला यायचंच. सगळे बघू म्हणाले. दुकानात बघून येतो म्हणणारं गिऱ्हाईक कधी परत आलं नाही, पण ते वेगळं, हे वेगळं.

२० डिसेंबर, रविवार. दुपारी ३
चुरमुऱ्यांचं गिरमिट, मिरची भजी तयार. सहा बशा मांडल्या.

४:४५
आज दुर्गदबैलच्या बाजारात गर्दी असते. अडकले असतील.

६:००
गिरमिट मऊ पडलं. थोडं खाल्लं.

६:२०
फोन! शेषगिरी! एक दुर्बीण कमी भरते, चुकून तुमच्या पिशवीत आली का, विचारत होता. बघितलं, आहे. स्वेटरच्या आत, टॉवेलात गुंडाळून. चुकूनच आली असणार. कुरियर करा म्हणाला. मी म्हटलं, काचेचं सामान, कुरियरचा काय भरवसा, स्वतः या. उद्या येतो म्हणाला. चार कशाला हवेत? एक मित्र पुष्कळ झाला.
संकल्प: उद्या तोंड उघडायचं नाही. बोललो की उडून जातात.

२१ डिसेंबर, सोमवार. संध्याकाळी ५:३०
आला. दारात उभा राहिला. मी ओठ घट्ट मिटून दुर्बीण हातात दिली. त्याने ती डोळ्याला लावून बघितली, पिशवीत ठेवली. तरी उभाच. आत डोकावला. चहाचा वास छान येतोय म्हणाला. मी गप्प. पायातली चप्पल अर्धी काढली होती त्याने, मी बघितलं. या म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं, पण संकल्प म्हणजे संकल्प. मिनिटभर थांबला, चप्पल परत घातली, येतो अण्णा म्हणाला आणि गेला.
चहा दोन कप केला होता. दोन्ही मीच प्यालो.