विशाखाचं गाऱ्हाणं

१२ जानेवारी, सोमवार

विशाखा आज प्रॅक्टिकलला मटकन खाली बसली. टायट्रेशन चालू होतं. हातातून ब्युरेट सुटली आणि ही ओट्याला टेकून बसली ती बसलीच. श्वास घेता येईना, ओठ पांढरेफटक. अख्खी टीवायची बॅच गोळा झाली. सरांनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं. "फुटली तर फुटली गं, जिवापेक्षा मोठी आहे का?" असंही म्हणाले. काचा गोळा करायला अर्थात मी. गेल्या वर्षी माझ्या हातून साधी पिपेट फुटली, तर महिनाभर वर्गासमोर तेच उगाळत होते.

पॅनिक अटॅक म्हणतात त्याला. चला, नाव तरी कळलं. डिसेंबरात परीक्षेच्या सकाळी हॉस्टेलच्या बाथरूममध्ये मला झालं ते हेच. पालथ्या बादलीवर बसून राहिले होते, छातीत नुसता ढोल. बाहेरून दार बडवणं चालू, "गो दिपा, पाणी जातलां, आटप!" आटपलं. टॉवेल गुंडाळून हसत बाहेर आले. त्या दिवशीचा फिजिकल केमिस्ट्रीचा पेपर कोरा देऊन आले, तेही कोणाला माहीत नाही. निकाल लागेल तेव्हा लागेल.

पहिलीपासून एका बाकावर बसतोय आम्ही. एक वाडी, एक शाळा, आता सावंतवाडीत एक खोली. मार्कांत ती पुढे होतीच. आता आजारातही पुढे.

१३ जाने.

वि.चे बाबा पिकअप घेऊन मसुऱ्याहून आले. आंबा-काजूची फवारणी टाकून. तिला कुडाळच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. गोळ्या, दर पंधरवड्याला दाखवायचं, जागरण नको. मग बाबा खाटेशी बसून तिचे तळपाय चोळत होते. मी पुस्तकात डोकं घालून बसले. पान एकच.

वॉर्डनबाईंनी तिला खिडकीजवळची खाट दिली. ती खाट मी एफवायपासून मागतेय. वर तिच्यासाठी गरम पाण्याची बादली स्वतः घेऊन आल्या. बाकी आम्ही सगळ्या सकाळच्या त्या अर्ध्या तासाच्या नळासाठी रांगेत, दात घासत, एकमेकींच्या पाठीला पाठ लावून.

जळतेय मी. लिहून टाकलं. लोकांना नोकरीचा, नवऱ्याचा हेवा वाटतो. मला मैत्रिणीच्या आजाराचा.

१५ जाने., संक्रांत

आईचा फोन. पहिलं वाक्य, "विशाखा कशी आसा?" मग तिचं जेवण, तिची झोप, तिच्या आईचं रडणं. तिळगुळाचं राहूनच गेलं. मी मध्येच घुसवलं, "आये, माकाय झोप लागना नाय."

"तो मोबाईल बाजूक ठेव, मगे लागात." आणि लगेच पुढे, "तुझां बरां आसा गो. तू घट. म्हणान माका तुझी काळजी नाय."

घट, म्हणजे टणक. लहानपणी पायात काटा मोडला तेव्हापासून ऐकतेय हे. तेव्हा रडले असते तर आज बरं पडलं असतं.

२२ जाने.

कॉलेजात मानसिक आरोग्यावर कार्यक्रम. सूत्रसंचालन माझ्याकडे, कारण आवाज खणखणीत. समुपदेशन कक्षाचं उद्घाटनही उरकलं. त्या खोलीत श्रमदानाची फावडी नि घमेली असतात, ती सकाळी जिन्याखाली हलवली. बाहेरून आलेल्या मॅडम छान बोलल्या, खोटं कशाला बोला. शेवटी म्हणाल्या, कोणाला मन मोकळं करावंसं वाटतंय का?

सगळ्या माना वि.कडे. ती बिचारी लाल होऊन ओढणीचं टोक पिळत बसली.

माईक माझ्याच हातात होता. चालू होता. मी आभार मानले, चहाची सोय मागच्या व्हरांड्यात आहे म्हणून सांगितलं.

२३ जाने.

फावडी परत कक्षात.

२५ जाने., रविवार. घरी

वि.साठी देवळात गाऱ्हाणं घातलं. अर्धी वाडी हजर. माझी आईसुद्धा नारळ घेऊन. वि.साठी. घरून निघताना मी म्हटलं होतं, दोन घे. "दुसरो कोणाक?" मी म्हटलं, काही नाही, असंच.

आबा गावकर नारळ पुढे धरून उभे राहिले. "बा देवा म्हाराजा!" आम्ही मागून, "व्हय म्हाराजा!" त्यांचा आवाज पूर्वीसारखा नाही, पण अंगावर काटा येतोच. "आज ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इला आसा, म्हाराजा!" व्हय म्हाराजा. "चेडू शिकूक भायर गेलां, थंय तेच्या जीवाक घोर लागलो. तो घोर ज्या वाटेन इलो त्या वाटेन परत धाड, म्हाराजा!"

इथे मी गप्प राहिले.

आवाज घशापर्यंत आला होता. ओठ मिटून घेतले. एवढ्या माणसांत माझ्या एकटीच्या न म्हणण्याने देवाला काय समजणार? पण म्हटलं नाही ते नाहीच. वाटत होतं, त्याच काळजीने माझंही नाव घ्यावं कोणीतरी, एकदा, सगळ्यांच्या देखत. पुढच्या वाक्यांनाही ओठ नुसते हलवले.

प्रसादाचं खोबरं मात्र खाल्लं. घशाखाली उतरलंही.

२८ जाने.

वि.ला परत झालं. लायब्ररीत. आधीइतकं नाही, पण झालं. मी तिचा हात धरून बसले नि डोक्यात एकच. मी म्हटलं नाही म्हणून? टीवाय बीएस्सी, केमिस्ट्री, आणि मी हा हिशेब मांडतेय. तिच्या उरलेल्या जर्नलमधले दोन प्रयोग लिहून दिले. प्रायश्चित्त म्हणून? की उगाच? माहीत नाही.

३० जाने.

संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना वि. सहज म्हणाली, "रविवारी तू व्हय म्हाराजा म्हणूक नाय."

"म्हटलां."

"नाय. तुझो आवाज रस्त्यापर्यंत जाता. माका आयकाक येवक नाय."

"घसो बसलो हुतो."

तिने माझ्याच कुर्त्याची तिसऱ्यांदा घडी घातली. मला वाटलं आता रडेल, नाहीतर भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं, माझ्याकडे खूप माल तयार होता. पण म्हणाली, "तुका काय होता गो, दिपा?"

"कायेक नाय."

इतक्या दिवसांत हे विचारणारी पहिली बाई, आणि तीही हीच. म्हणजे हेसुद्धा हिनेच करायचं! मला रागच आला. खाली जाऊन विनाकारण दोन फेऱ्या मारल्या.

३ फेब्रुवारी

पंप जळला. नळाला करंगळीएवढी धार. रांग जिन्यापर्यंत. वि. आज हट्टाने रांगेत उभी होती, गरम पाण्याची बादली नको म्हणाली. सगळ्या वैतागलेल्या, तेवढ्यात हिने प्लास्टिकचा मग नारळासारखा पुढे धरला आणि हुबेहूब आबा गावकरांच्या सुरात,

"बा देवा म्हाराजा! ह्या पंपाक जां काय झालां आसा, तां दूर कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्या पोरी. साताऱ्याची ती नवीन मुलगी तर सगळ्यात जोरात.

"वॉर्डनबायच्या टाकीतलां पाणी आमच्या नळाक येवंदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हसून हसून पुरेवाट. मीही. खरंच हसत होते.

"आणि ही माझी मैतरीण दिपा, रातभर टक्क जागी आसता नि कोणाक सांगणा नाय. तिच्या डोळ्याक झोप दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" त्या भरात म्हणून गेल्या सगळ्या. मग एकेक मान वळली. माझ्याकडे.

बादली तिथेच टाकून वर आले. बिनअंघोळीची कॉलेजला. वि.शी एक शब्द नाही.

मला हवं होतं ना हेच? सगळ्यांच्या देखत, नाव घेऊन? मिळालं तर अंगाची लाही लाही झाली.

४ फेब्रु.

कालपासून मुली माझ्याशी हळू आवाजात बोलतायत. साताऱ्याच्या मुलीने रांगेत मला पुढे घेतलं. नको म्हटलं, तरी घेतलं. म्हणाली, "मलाबी नाही लागत झोप." मागून आणखी एकीने नुसतं "हं" केलं. म्हणजे रांगेत किती जणी...

एक प्रश्न सुटत नाही. वि.ला कळलं कसं? मी तर कूस न बदलता पडून असते. कळायला तीही जागी असायला हवी. खिडकीजवळच्या त्या खाटेवर. गोळ्या घेऊनही.

खाटेचा राग थोडा कमी. थोडाच.

५ फेब्रु.

तिला विचारलं, "कधीपासून ठाऊक हुतां?"

"परीक्षेपासून. त्या दिवशी बाथरूमच्या भायर मीच उभी हुतंय. दार बडवणाऱ्यांका गप करूक."

"मगे इचारलंस कित्याक नाय?"

"तू घट म्हणान." आणि वर, "आणि माकाच तेवा काय कळत हुतां?"

कोऱ्या पेपरचं सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी. तिने तोंडावर हात नेला, पण अय्या वगैरे काही नाही. मग म्हणाली, शनिवारी कुडाळला माझ्याबरोबर चल. मी म्हटलं, सोबत म्हणून येईन.

७ फेब्रु., शनिवार. कुडाळ

दवाखान्याच्या बाकावर लिहितेय. अक्षर बघ.

एसटीतून कुठे कुठे मोहोर जळाल्यासारखा दिसत होता, त्यावर दोन वाक्यं, संपलं. इथे काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "दोघींपैकी पेशंट कोण?" वि.ने माझ्याकडे पाहिलंही नाही. वरच्या पंख्याकडे बघत राहिली, मुद्दाम. बाईंनी पेन उचललेलं. मागे रांग.

मी माझं नाव सांगितलं. खणखणीत वगैरे नाही. बाईंना दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

आईला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर म्हणेल, तुकाय? विशाखाचां बघून झालां काय? आणि असेलही कोण जाणे. की आधी माझं, आणि माझं बघून तिचं? डॉक्टरांना हेही विचारायचं का?

वि. डोकावतेय. "काय लिवतंस?"

"कायेक नाय."

"आत गेल्यार ह्याच सांगा नको." मग जवळ सरकून, "गाऱ्हाणां तुझां तू घाल. व्हय म्हाराजा म्हणूक मी आसंय मां."

एवढी चांगली कशी वागू शकते ही? परत जळले. अगदी आतून.

आत एकच जण आहे, त्यानंतर मी. कोरा पेपर आधी सांगावा की बाथरूममधली ती पालथी बादली, ते अजून ठरत नाहीये.